खिडकीवरची फट

जन्मभर मी सिमेंट-काँक्रीटची कामे केली. सरकारी नोकरीत पूल, मोऱ्या, शाळांच्या इमारती बांधल्या. लाकूड म्हणजे सेंट्रिंगला वापरायचे आणि काम झाले की काढून टाकायचे, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. अशा माणसाच्या पोटी लाकडाची घरे बांधणारी मुलगी जन्मावी, आणि तिने ती बांधावीत कुठे, तर फिनलंडच्या पार उत्तरेला, इनारी सरोवराच्या काठी! दैवाची गंमत म्हणायची, दुसरे काय?

ध्रुवप्रकाश पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती तिथे सहा लहानशी लाकडी घरकुले उभारत होती. "बाबा, एकदा येऊन पाहा तरी," असे तीन वर्षे चालले होते. शेवटी २०२४ च्या दिवाळीत आम्ही दोघे निघालो. हिने चकल्या-कडबोळ्यांचा डबा घेतला, मी आकाशकंदील घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवला.

पोहोचल्या दिवसापासून मी सवयीप्रमाणे तपासणी सुरू केली. आधी पाया पाहायला गेलो, तर पायाच नाही! जमिनीत लोखंडी खांब स्क्रूसारखे पिळून बसवलेले आणि त्यांच्यावर घर अलगद ठेवलेले. खाली पांढुरके दगडफूल जसेच्या तसे.

"हे वर्षाला दोन-चार मिलिमीटर वाढतं, बाबा," ती म्हणाली. "एकदा उकरलं की माझ्या हयातीत पुरतं भरून यायचं नाही. सामी लोकांचे रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून हेच खातात."

भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या. त्या थंडीत झाड इतके सावकाश वाढते की खोडातली वर्तुळे एकमेकांना चिकटलेली दिसतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि घर उभे आहे तोवर तो भिंतीतच राहतो, हे तिने मला समजावून सांगितले. लाकडापेक्षा काँक्रीटमधून उष्णता दसपटीहून अधिक निसटते, हे मात्र मला ठाऊक होते. फक्त मी ते कधी मनावर घेतले नव्हते.

दारातून शिरले की आधी एक चिमुकली खोली लागते. बाहेरचे दार लावायचे, बूट-कोट काढायचे आणि मगच आतले दार उघडायचे. फिनिश भाषेत तिला 'वाऱ्याचे कपाट' म्हणतात म्हणे. मला कोकणातल्या आमच्या घराची पडवी आठवली. पावसाळ्याआधी वडील तिला नारळाच्या झापा बांधून घेत, आणि मग बाहेर कितीही झड लागली तरी ओटी कोरडी राही.

एका ठिकाणी मात्र मी तिला पकडले. खिडकीच्या चौकटीवर चांगली चार बोटांची फट होती. आत काहीतरी मऊ भरून वरून फळी मारली होती.

"हे काय? सुतार चुकला वाटतं?"

ती हसली. "ओंडके वाळतात आणि भिंत बसते, बाबा. मीटरभर उंचीला दोन-तीन सेंटिमीटर तरी. वर जागा ठेवली नाही, तर सगळा भार काचेवर येईल." मग जरा थांबून म्हणाली, "आजोबांच्या घराच्या तुळया फणसाच्या होत्या ना?"

मी नुसती मान हलवली. ते घर १९८८ साली मीच पाडले होते. वाळवी लागली होती, हे खरे. चार वासे बदलून भागले असते, हेही खरे. पण मला स्लॅबचे घर हवे होते. तुळया वखारीत गेल्या. मजूर आले त्या सकाळी आठ वर्षांची ही पोर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून राहिली, काही केल्या उठेना. मी तिला दंडाला धरून उठवले. त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. ती आर्किटेक्ट झाली तेव्हा नाही, आणि तिने लाकूडच निवडले तेव्हाही नाही. त्या स्लॅबवर आता पत्रे घातले आहेत, कारण तो गळतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी कंदील बाहेर लावायला निघालो. तिने अडवले. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. एक दिवा दिसला की शेजारच्या पाहुण्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कंदील आत लागला, तोही पडदे ओढून. दिवाळीत दिवा लपवायचा! मी रुसलोच. ही म्हणाली, "अहो, आज अमावास्या म्हणून तर लोक इथं आलेत."

रात्री कधीतरी हाक आली, "बाबा, उठू नका, नुसते डोळे उघडा."

पलंगावरची खिडकी भिंतीतून निघून थेट छपरात चढली होती. सबंध छप्पर काचेचे करायला तिने नकार दिला होता. त्यावरचे बर्फ वितळवायलाच फार वीज लागते. तेवढ्या पट्टीत हिरवा पडदा हलत होता. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटरहून उंचावर प्राणवायूवर आदळतात, म्हणून हा रंग, असे ती हळू आवाजात सांगत होती. त्याच वर्षी मे महिन्यात असाच प्रकाश, पण तांबडा, लडाखमधल्या हानले इथूनही टिपला गेला होता. फिनिश लोक याला 'कोल्ह्याचे अग्नी' म्हणतात. धावत्या कोल्ह्याच्या शेपटीने उडालेल्या बर्फाच्या त्या ठिणग्या, अशी त्यांची जुनी कथा.

मी ऐकत होतो, पण मनात दुसरेच होते. छत्तीस वर्षे ज्याला जागा मिळाली नव्हती, ते त्या अंधारात तोंडून निघाले.

"झोपाळ्याच्या पितळी कड्या मी विकल्या नव्हत्या. कपाटात आहेत. घर पाडायला नको होतं, पोरी."

बराच वेळ ती काही बोलली नाही. पडदा विरळ झाला, पुन्हा दाटला. मग अंधारातच तिचा आवाज आला.

"किती लांब आहेत, बाबा?"

"सात फूट."

तिने मान वर करून तुळईकडे पाहिले. "पुरतील," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला घेऊन या."