कुंपणावरील पाहुणा

आमच्या बोदवडच्या घरी परसात वाघाटीची वेल आहे. आषाढी द्वादशीच्या पारण्यास तिचीच फळे असावयाची. गेल्या भाद्रपदात सुरवंटांनी तिची पाने फस्त केलेली पाहून आम्ही तीवर कोयता चालविला. रेशमी धाग्याने काटकीस बांधलेला एक कोश तेवढा नातीने वाचविला. काही दिवसांनी त्यातून काळ्या शिरांचे पांढरेशुभ्र फुलपाखरू निघाले. हेच ‘गौरांग’. आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंत याचा संचार. परंतु अंडी घालावयाची ती वाघाटी, नेपती अशा एकाच कुळातील झाडांवर. इतर पाला त्याच्या सुरवंटांस चालत नाही. “आजोबा, आता हे अंडी कोठे घालील?” नातीने विचारले. जन्मभर मुलांस भूतदया शिकविणाऱ्या आम्हांस उत्तर सुचले नाही. यंदा वेलीस पुन्हा धुमारे फुटले आहेत. कोयता माळ्यावर गेला. पारण्यापुरती फळे बाजारातून आणू.