पेटीला कुलूप नव्हतं!

मुलांनो, एक प्रश्न विचारते. एका घराचं दार सताड उघडं आहे. आत कुणी दिसत नाही. तुम्ही आत जाल का?

'नाही' म्हणालात ना? शाबास! आता दुसरा प्रश्न. तेच दार संगणकाच्या पडद्यावर आहे. खेळातलं घर आणि खेळातलंच दार. आता जाल का? झाली की नाही चुळबुळ? "मावशी, तो तर खेळ आहे!" असं माझा भाचाही म्हणायचा. त्याच्यामुळेच तर हे सगळं लिहायला बसले.

भाचा सातवीत आहे. तो आणि त्याचे वर्गमित्र मिळून माइनक्राफ्ट खेळतात. तुमच्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक असेल. आईबाबांसाठी सांगते, ते ठोकळ्यांचं एक जग असतं. तिथं खणायचं, बांधायचं आणि भटकायचं. भाच्यानं महिनाभर खपून डोंगराच्या कुशीत घर बांधलं आणि एका पेटीत हिरे साठवले. एका संध्याकाळी बघतो तर पेटी रिकामी! हिरे नेले होते त्याच्याच एका मित्रानं. जाब विचारला तर म्हणतो, "मग? पेटीला कुलूप कुठं होतं?"

खरंच नव्हतं. त्या खेळातल्या साध्या पेटीला कुलूप लागतच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद! मधल्या सुट्टीत डबेसुद्धा वेगवेगळे. हिरे खोटे होते, रुसवा मात्र अगदी खरा होता.

मला आमची चाळ आठवली. माझं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. तिथून हिंदमाता अगदी जवळ. दादर आणि परळ यांच्यामधला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावरचा हा नाका कापडाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध, आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठी त्याहूनही जास्त! १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं या चाळी बांधल्या, म्हणून त्या बीडीडी. एका मजल्यावर २० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. दिवसभर दारं उघडीच असायची, कारण ती लावली तर वारा कुठून येणार?

मग काय, कुणीही कुठंही घुसायचं? छे! पडदा ओढलेला असला की बाहेरूनच हाक मारायची, "काकू, आहात का?" आतून उत्तर आलं तरच उंबरा ओलांडायचा. चपला बाहेर काढायच्या. दुपारी दोन ते चार हाका मारायच्या नाहीत. पॅसेजमधून जाताना नजर समोर ठेवायची, घरात डोकवायचं नाही. माझी आजी तर म्हणायची, "डोळ्यांनाही पाय असतात गं!" आणि शेजारून वाटीभर साखर आणली, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. हे नियम भिंतीवर कुठंही लिहिलेले नव्हते, पण मोडले की अख्ख्या मजल्याला कळायचं.

पॅसेज मात्र सगळ्यांचा. तिथं कुणी खाट आडवी टाकली की भांडण ठरलेलं! घर माझं असलं तरी येण्याजाण्याची वाट माझी नाही. आज पडद्यावरच्या जगातसुद्धा नेमका यावरूनच वाद होतो.

'सेकंड लाइफ' नावाचं एक जग अमेरिकेतल्या लिंडेन लॅब कंपनीनं २००३ साली सुरू केलं. ते मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे, तेव्हा तुम्ही आत्ता तिकडं जाऊ नका, माझ्याकडूनच ऐका. तिथं जमिनीचे चौकोनी प्रदेश असतात, २५६ मीटर लांब आणि तितकेच रुंद. त्यांचे तुकडे लोक घेतात आणि त्यावर घरं बांधतात. प्रदेशांच्या मधून रस्ते आणि समुद्र जातात. माझ्यासारखी काही रिकामटेकडी माणसं तिथं होडी घेऊन नुसती फिरत असतात.

एकदा अशीच मी छान शिडं सोडून निघाले होते. किनाऱ्यापाशी अचानक लाल अक्षरांच्या पट्ट्यांची भिंत उभी राहिली, 'नो एंट्री! नो एंट्री!' आणि होडी जागच्या जागी अडकली. दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. एका घराशेजारून चालले होते, आणि काही कळायच्या आत मी थेट माझ्या घरी फेकली गेले. होडी कुठल्या कुठे! त्या मालकानं एक यंत्र बसवलं होतं. परका माणूस दिसला की एका क्षणाचीही सूचना न देता हाकलून द्यायचं. मी घरात शिरले नव्हते की कशाला हात लावला नव्हता. नुसती वाटेनं जात होते हो!

राग आला मला. पण मालकाची बाजूही ऐका. त्या जगात तुमची नजर भिंतीच्या आरपार नेता येते. म्हणजे घराबाहेर उभं राहून आत कोण बसलंय, काय करतंय, सगळं दिसतं. काही लोक तर सरळ आत येऊन दुसऱ्याच्या पलंगावर लोळतात. रोज असं होऊ लागलं तर कुणीही वैतागेल, मीसुद्धा. म्हणून माझं मत असं की मालकानं दार लावावं, खुशाल लावावं. पण हाकलण्याआधी दहापंधरा सेकंद 'कृपया पुढे जा' एवढं तरी म्हणावं. तेवढ्यात होडी वळवता येते. आणि प्रवाशानं मालक दिसला तर नमस्कार करावा, आपलं वाहन दुसऱ्याच्या अंगणात टाकून जाऊ नये, आणि नजर भिंतीपलीकडे नेऊ नये. नेता येत असली तरीही. आजीचे ते पाय असलेले डोळे आठवतात ना?

हा प्रश्न तसा जुना आहे. १९८६ साली लुकासफिल्म कंपनीनं 'हॅबिटाट' नावाचं एक जग केलं होतं. कमोडोर ६४ हा छोटा संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून लोक त्यात शिरायचे. प्रत्येकाला स्वतःचं घर होतं. थोड्याच दिवसांत चोऱ्या सुरू झाल्या, बंदुका चालू लागल्या! शेवटी शहराच्या हद्दीत चोरी करताच येणार नाही, अशी व्यवस्था करावी लागली. पण गंमत पुढेच आहे. खेळणाऱ्यांपैकी एकजण प्रत्यक्षात धर्मगुरू होते. त्यांनी तिथं 'पवित्र अक्रोड' अशा मजेशीर नावाचा पंथ काढला. त्यात येणाऱ्यानं शपथ घ्यायची, शस्त्र बाळगणार नाही, चोरी करणार नाही. शहराबाहेर चोरी करता येत होती, तरीही!

हल्ली काही खेळ हे काम स्वतःच करतात. निन्टेंडोच्या २०२० सालच्या 'अॅनिमल क्रॉसिंग'मध्ये पाहुणा तुमच्या बेटावर येऊ शकतो, पण तुम्ही त्याला जिवलग मित्र ठरवल्याशिवाय त्याला कुऱ्हाडीनं तुमची झाडं तोडता येत नाहीत. फुलांमधून धावत जाऊन ती विस्कटणं मात्र त्याच्या हातात, नाही, पायात असतं. आणि माइनक्राफ्टमध्ये पिग्लिन नावाचे डुकरासारखे प्राणी आहेत. त्यांच्यादेखत पेटी उघडली की ते अंगावर धावून येतात. त्यांना कुलूपबिलूप कळत नाही, आणि पेटी कुणाची तेही कळत नाही, तुम्ही स्वतः ठेवलेली असली तरीही!

मोठ्यांनो, तुमच्यासाठी आता थोडं. २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घराकडे निघाली. त्या रात्री आमच्या मजल्यावरही अनोळखी माणसं आली होती. कुणी नाव विचारलं नाही, चहा आधी दिला. आणि पाहुणेही कसे! ओले पाय घेऊन उंबऱ्यापाशीच थांबले. 'या' म्हटल्यावर आत आले, दाराजवळच टेकले. सकाळी उठून पाहिलं तर सतरंजी नीट घडी घालून ठेवलेली होती.

आता बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगावलाही काम चालू आहे. मला आनंदच आहे, सार्वजनिक संडासाच्या रांगेत मी पुष्कळ उभी राहिले आहे. पण माझा भाचा अशाच एका उंच इमारतीत वाढतोय. खाली पहारेकरी, वहीत नाव लिहा, फोनवरून परवानगी घ्या, मग लिफ्ट. त्याच्या मजल्यावरची चारही दारं सदा बंद. उघड्या दारासमोर थांबायची वेळ त्याच्यावर आणि त्याच्या मित्रावर कधी आलीच नाही. ती पहिल्यांदा आली ती माइनक्राफ्टमध्ये. मग तो मित्र म्हणाला, 'कुलूप नव्हतं', तर त्याला एकट्याला किती दोष द्यायचा?

मी भाच्याला चाळीतले नियम सांगितले. तो हसला. वाटीचा नियम मात्र त्याला भारी आवडला. चार दिवसांनी बघते तर त्यानं घराच्या दारावर पाटी लावली होती, 'मी नसताना आत येऊ नका. हाक मारा.' आणि दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, दुसरी एक पेटी ठेवली होती. तिच्यावरची पाटी, 'वाटसरूंसाठी पाव. एक घ्या.'

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. पेटीतला एक पाव कमी झाला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी तीन गाजरं ठेवली होती. हिरे अजून परत आलेले नाहीत. पण गाजरं कुणाच्या शेतातली आहेत, हे भाच्यानं बरोबर ओळखलंय!