आधी सुतळी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दारातल्या कडुलिंबाला झोका बांधायचा, हा आमच्या घरचा नेम. सणाच्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, रानात नांगर घालायचा नाही. तेव्हा बायकांचे हात वर्षातून एकदा थोडे मोकळे होतात आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी आमच्या झाडाखाली जमतात. झोका जितक्या उंच फांदीला, तितका तो लांब जातो. म्हणून आबा वीस-बावीस फुटांवरची एक दणकट आडवी फांदी निवडीत. तिथवर चढायला खोडाला धड खोबण नाही, आणि एवढी उंच शिडी आमच्या घरात नाही. मग अंगठ्याएवढा जाड दोर वर जायचा कसा?

आबांची युक्ती साधी होती. ट्रॅक्टरचा एक जुना लोखंडी नट त्यांनी माळ्यावर जपून ठेवला होता. त्यात सुतळी ओवून बांधायची, नट दोन-तीनदा मागे-पुढे झुलवायचा आणि नेमक्या क्षणी सोडून द्यायचा. नट फांदीपलीकडे जाई आणि स्वतःच्या वजनाने खाली येई. मग सुतळीला बैलाचा कासरा बांधायचा आणि कासऱ्याला दोर. धाकट्याने मधल्याला ओढायचे, मधल्याने थोरल्याला. "आदी सुतळी, मग कासरा, मग दोर. एकदम दोर फेकाय गेलं, तर हात दुखत्यात नि दोर हितंच ऱ्हातोय," असे आबा म्हणत.

मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. आबा बाजाराला गेले होते आणि मला दम नव्हता. मी माळ्यावरून नट काढला. आक्का तेव्हा नववीत होती. ती "आबांना येऊ दे" म्हणत मागे उभी राहिली. चार-पाच वेळा नट फांदीखालूनच परत आला. सहाव्या वेळी तो वर गेला, पण पलीकडे न उतरता दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन बसला. मी सुतळी हाताला गुंडाळली आणि सगळा भार टाकून ओढली. नट हलेना. आणखी जोर केला. फांदी धनुष्यासारखी वाकली, सुतळी तटतटली, आणि एकाएकी माझा हात हलका झाला. मी पाठीवर पडलो. नट माझ्या डोक्यावरून सणाणत गेला तो आक्काच्या भुवईवर.

चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागले असते तर डोळा गेला असता. आबा धावत दवाखान्यात आले, तेव्हा मी भिंतीला चिकटून उभा होतो. मी काही बोलण्याआधीच आक्का म्हणाली, "ओट्यावरनं घसरले आबा. पायरी लागली."

तो विषय तेवढ्यावर मिटला. म्हणजे इतरांच्या लेखी मिटला. आबा दर वर्षी झोका बांधीत आणि दर वर्षी त्या दिवशी मला काही ना काही काम निघे. नटाला मी पुन्हा हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी आक्काला बघायला पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आत गेलो आणि नेमके त्याच वेळी एका बाईंनी विचारले, "भुवईवर ही खूण कशाची गं?" आक्काने मान वर न करता सांगितले, "ल्हानपणी पडले होते." ताट माझ्या हातात होते आणि उत्तरही माझ्याजवळच होते. मी बश्या मांडल्या आणि बाहेर आलो. त्या पाहुण्यांकडून पुढे निरोप आला नाही. कारण कदाचित वेगळेही असेल. पण मला दुसरे कारण सुचत नव्हते. पुढच्या वर्षी आक्काचे लग्न चांगल्या घरी झाले, तरीही ती बशी मांडतानाची शांतता माझ्या मनातून गेली नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या ग्रंथालयामागचा वर्षावृक्ष. त्याची एक वाळलेली फांदी छपरावर आली होती. वळिवाच्या आधी ती उतरवण्यासाठी मे महिन्यात दोन माणसे आली. परीक्षेच्या अभ्यासाला आलेले आम्ही काहीजण पुस्तके मिटून बघत उभे राहिलो. मला वाटले, आता शिडी लागेल किंवा कुणी तरी खोडाला मिठी मारून चढेल. त्यांच्यातल्या थोरल्याने चौकोनी घडीच्या पेटीतून एक बारीक, गुळगुळीत दोरी काढली. जाडी असेल दोन मिलिमीटर. तिच्या टोकाला छर्रे भरलेली निमुळती पिशवी होती, वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम. ते पाहिले आणि मला आमच्या माळ्याची आठवण झाली.

मी नकळत जवळ गेलो. तो बोलका माणूस होता. पिशवी हलकी असली तर वर जाते, पण सालीवर दोरी घासते आणि ती खाली उतरत नाही. फार जड असली तर मुळात वर जात नाही. दोरीला वेटोळे घालून ठेवले, तर उडताना गाठ बसते. म्हणून ती पेटीत सैल सोडायची. फेकण्याआधी मोठ्याने ओरडून खालची माणसे दूर करायची. बारीक दोरीला चढायचा जाड दोर बांधताना त्याचे टोक उंदराच्या शेपटीसारखे निमुळते करायचे, म्हणजे ते बेचक्यात अडकत नाही. सालीला इजा होऊ नये म्हणून दोराखाली जाड आवरण घालायचे. आणि चढण्यापूर्वी दोघांनी मिळून दोराला लोंबकळायचे. फांदीला बोलायचेच असेल तर तिने आपण जमिनीवर असतानाच बोलावे!

तिसऱ्या फेकीला पिशवी बेचक्यात अडकली. त्याचा तरुण जोडीदार दोरी हाताला गुंडाळू लागला. थोरला शांतपणे म्हणाला, "ओढू नको. सैल सोड. ओढलं की ते आणखी घट्ट बसतं. आणि सुटलंच, तर ओढणाऱ्याकडेच येतं." त्याने जोडीदाराला बाजूला घेतले, दोरीला ढील दिली आणि मनगटाने एक हलकी लाट वर सोडली. दुसरी सोडली. चौथ्या लाटेला पिशवी बेचक्यातून उचकटली आणि सरसरत खाली आली.

फांदी उतरली, माणसे गेली, मी मात्र पुस्तकात परतू शकलो नाही. पुढे एकदा वाचनात आले, की १८४८ साली नायगारा नदीच्या घळीवर झुलता पूल बांधायचा होता, तेव्हा पहिली दोरी एका शाळकरी वयाच्या मुलाने पतंगाने पलीकडे नेली होती. पहिल्या खेपेस त्याचीही दोरी तुटली होती. पतंगाच्या दोरीमागून जाड दोरी, तिच्यामागून दोर, आणि दोरामागून तारा. मग मला तरी एवढे मोठे वाक्य एकदम का फेकायचे होते? दहा वर्षे मी मनात एक लांबलचक कबुली जुळवीत होतो आणि ती जड झाली म्हणून फेकीत नव्हतो.

यंदा आक्का लग्नानंतर पहिल्यांदा पंचमीला माहेरी आली. आबांचा उजवा खांदा धरला आहे. त्यांनी नट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "औंदा तू बांध."

मी आधी सगळ्या पोरांना ओट्यावर बसवले. आक्कालाही. दुसऱ्या फेकीला नट अडकला, तोही जवळपास त्याच जागी. मी ढील दिली, बाजूला सरकलो आणि सुतळीवर लाट सोडत राहिलो. बऱ्याच वेळाने नट खाली आला. आबा कासरा बांधू लागले. मी सुतळी ओढता ओढता एवढेच म्हणालो, "आबा, आक्का तवा पायरीवरनं पडली नव्हती."

आबांनी गाठ पुरी केली. म्हणाले, "ठावं हाय. नटाला रगत हुतं. म्याच धुतला."

"मग बोलला न्हाईसा?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. ओढ आता, कासरा येऊ दे."

मला नीट दिसत नव्हते, पण हात चालू होते. सुतळीमागून कासरा गेला, कासऱ्यामागून दोर. दोर फांदीवरून उतरला, तसा मी आणि आबा दोघेही त्याला लोंबकळलो. फांदी बोलली नाही.

ओट्यावरून आक्का ओरडली, "झालं का न्हाई तुमचं? पहिला झोका माझा हाय!"