नावांची नियमावली

शाळेचा वार्षिकांक हाती पडला, की मूल प्रथम काय वाचते? मुख्याध्यापकांचे मनोगत नव्हे आणि बक्षीसपात्र निबंधही नव्हे. ते आपले नाव शोधते. नाव बरोबर छापलेले असेल, तर अंक घरी जपला जातो, आल्यागेल्याला दाखवला जातो. ते चुकलेले असेल, तर मूल निमूटपणे पान उलटते. तक्रार सहसा कोणी करत नाही. संपादक मंडळाला लेखनाची नियमावली हवी असते, ती खरे तर या न केलेल्या तक्रारींसाठी.

नियमावली म्हटले, की ऱ्हस्व-दीर्घ आठवतात. तो भाग सोपा आहे, कारण ते काम पूर्वीच झालेले आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. 'गरीब' पण 'गरिबाला', 'नागपूर' पण 'नागपुरात', 'कवी' दीर्घ पण 'आणि' ऱ्हस्व, हे सारे त्या अठरा नियमांच्या आधारे ठरवता येते. संपादकांनी ते नियम टेबलावर ठेवावेत आणि वाद मिटवावा.

अडचण येते ती नावांपाशी. शब्द सर्वांचा असतो, नाव मात्र एका माणसाचे असते. एखादी मुलगी आपले नाव 'निलीमा' असे लिहीत असेल, तर ते 'नीलिमा' असे सुधारावे काय? भाषेच्या शिक्षकांचा हात शिवशिवतो. तरीही नाव तिच्या पद्धतीनेच छापावे, हे उचित. शुद्धलेखन शिकवण्याची जागा वर्गात आहे, वार्षिकांकात नव्हे. महाराष्ट्राबाहेर हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. हिंदी लेखनात टिळकांचे 'तिलक' होतात, तेथे इतरांची काय कथा! इंदूर किंवा भोपाळ येथील मराठी मुलाच्या कागदपत्रांत 'काळे'चे 'काले' झालेले आढळते. अशा वेळी कागद पाहून भागत नाही. ज्याचे नाव, त्यालाच विचारावे लागते.

मधल्या नावाचेही असेच. आजवरच्या रीतीप्रमाणे तेथे वडिलांचे नाव येते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. ही मुले वार्षिकांकात लिहू लागतील तेव्हा लागतील, परंतु आजही एखादे मूल केवळ आईचे नाव लावते. त्याच्यासमोर रिकामी जागा सोडणारी किंवा प्रश्नचिन्ह छापणारी यादी त्या मुलाच्या घरातील गोष्ट सर्व शाळेला सांगून टाकते.

सर्वांत अधिक वाद होतो तो उपाधींवरून. मुलींच्या नावामागे 'कु.' आणि मुलांच्या मागे काहीच नाही, असे का? एका शिक्षिकेला 'सौ.' हवे असते, तर दुसरीला 'श्रीमती' खटकते, कारण जुन्या वळणात तो शब्द विधवांसाठी वापरला जाई. यावर सरळ उपाय म्हणजे सर्वच उपाधी गाळणे. तो रूक्ष वाटतो खरा, पण त्यात कोणाचेही उणे राहत नाही. शाळेतील सेवकांच्या बाबतीत तर हा उपाय फारच उपयोगी पडतो. अनेक अंकांत शिक्षकांची संपूर्ण नावे असतात आणि सेवकांचा उल्लेख मात्र 'आमचे शिपाईमामा', 'मावशी' एवढाच. बोलताना ही संबोधने गोड वाटतात. छापील पानावर मात्र वीस वर्षे शाळेची घंटा वाजवणाऱ्या माणसाला आडनावही नव्हते, असा समज होतो.

समूहछायाचित्राखालील ओळ ही नियमावलीची खरी परीक्षा. 'डावीकडून, खुर्चीवर बसलेले' अशी सुरुवात होते, पहिल्या रांगेतील सर्व नावे येतात आणि मागची रांग 'व इतर' या दोन शब्दांत संपते. हे 'इतर' बहुधा उंच मुले असतात, नाहीतर उशिरा आलेली किंवा अबोल. 'व इतर' हे शब्द वापरू नयेत, असा नियम एकदा लिहून ठेवला, की कोणाला तरी छायाचित्र घेऊन वर्गोवर्गी हिंडावे लागते. अर्धा दिवस जातो. शेवटच्या घाईत हा नियम मोडण्याचा मोह अनावर होतो, म्हणून तो घाई सुरू होण्याआधीच, जूनमध्ये, लिहिलेला बरा.

मुद्रिते तपासताना भाषेच्या चुका संपादकांनी पाहाव्यात. नावांची यादी मात्र आठवडाभर सूचनाफलकावर लावावी आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे पेन्सिलीने खूण करावी. सेवकांच्या खोलीत ती यादी हाती घेऊन जावे लागते. फलकापाशी उभे राहून वाचायला त्यांना मधल्या सुट्टीतही फुरसत नसते.