ध्येयाचा घरखर्च

घर, कर्तृत्व आणि ध्येय ही तिन्ही माणसाकडे त्याच गोष्टी मागतात: वेळ, पैसा आणि लक्ष. तिन्हींना मनासारखे देता येईल इतके कुणापाशीच नसते. कुठे तरी हात आखडता घ्यावा लागतो आणि तो बहुधा घरातच घेतला जातो. घराची कुरकुर उंबरठ्याबाहेर ऐकू जात नाही, हे त्याचे एक कारण. महाराष्ट्रातल्या एका घराने मात्र हा हिशेब दोन्ही बाजूंनी लिहून ठेवला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. एकाच संसाराची ही दोन पुस्तके. एकात संस्था उभ्या राहताना दिसतात, दुसऱ्यात चूल.

कर्व्यांचा जन्म १८५८चा, घर कोकणातल्या मुरुडचे. ऐपत बेताची. शाळेच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परतला. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि मुंबईत शाळा व शिकवण्या करून संसार चालवू लागले. १८९१ साली पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. गरिबीतून वर आलेल्या माणसाला स्थिरावण्यासाठी एवढे पुष्कळ होते. बुद्धी होती, नोकरी होती, मान होता. कर्व्यांनी मात्र या स्थैर्याचा उपयोग भांडवलासारखा केला आणि ते भांडवल त्यांनी दुसऱ्यांसाठी गुंतवले.

पहिली गुंतवणूक स्वतःच्या लग्नाची. १८९३ साली त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी, म्हणजेच पुढच्या बायांशी, पुनर्विवाह केला. बाया बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. मुरुडकरांनी नवदांपत्याला वाळीत टाकले. आई आणि भाऊ यांना आपल्या माणसाला मोकळेपणी भेटणेही कठीण झाले. तत्त्व एकाचे, पण त्याचा दंड सगळ्या घराने भरला. ध्येयाच्या हिशेबातली ही पहिली नोंद. ती कर्त्याच्या नावावर पडली तरी फेडणारे हात अनेक होते.

१८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला. सुरुवात पुण्यात झाली आणि १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. आज जिथे कर्वेनगर गजबजलेले असते तिथे तेव्हा माळ होता. कॉलेजातले तास संपवून कर्वे हिंगण्याची वाट चालू लागत. पावसाळ्यात तीच वाट चिखलाची. तिथे शिकवायचे, आश्रमाच्या अडचणी पाहायच्या आणि पुन्हा कॉलेजात हजर व्हायचे. वेळेचा तोल कर्व्यांनी असा साधला होता: दिवस पोटासाठी आणि उरलेला सगळा वेळ आश्रमासाठी. या वाटणीत घराच्या नावावर जवळजवळ काहीच उरत नव्हते.

पैशाची तऱ्हा तीच. घरावर संकट आले तर आधार म्हणून कर्व्यांनी आयुष्याचा पाच हजारांचा विमा उतरवला होता. तो त्यांनी आश्रमाला देऊन टाकला. ‘आत्मवृत्ता’च्या बाजूने पाहिले तर ही त्यागाची गोष्ट आहे. बायांच्या बाजूने पाहिले तर मुलाबाळांच्या उद्याची ती एकमेव ठेव होती. त्या रागावल्या, आणि तो राग त्यांनी लपवला नाही. रागावूनही त्या अडून बसल्या नाहीत. सुईणपणाचे शिक्षण घेतले, घरात आश्रय घेतलेल्यांची उस्तवारी केली, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. कर्व्यांचा दिवस बाहेर खर्चता आला, कारण बायांचा दिवस घरात आधीच खर्ची पडलेला होता.

या पायावर पुढचे कर्तृत्व चढत गेले. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्म मठ, १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्ती, आणि जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचून स्फुरलेले भारतीय महिला विद्यापीठ १९१६ साली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एस. एन. डी. टी., झाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. वसंत कानेटकरांनी या दांपत्यावर बेतलेल्या नाटकाला ‘हिमालयाची सावली’ असे नाव दिले. हिमालय सगळ्यांना दिसतो. त्याच्या सावलीत थंडी किती असते ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

मुलांच्या पिढीत हाच हिशेब नव्याने मांडला गेला. थोरले रघुनाथ संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावून बसले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. बाहेरून खटले, घरात ओढग्रस्त. ही झळ पत्नी मालतीबाईंनीही सोसली. रघुनाथांचे धाकटे भाऊ दिनकर यांच्या घरी चित्र वेगळे होते. पत्नी इरावती यांनी जर्मनीला जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, हे धोंडोपंतांना पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणाला जन्म वाहिलेल्या सासऱ्यालाही स्वतःच्या सुनेचे घर सोडून जाणे अवघड वाटले. दिनकर मात्र ठाम राहिले. इरावती बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र व समाजशास्त्र उभे केले, ‘युगान्त’ लिहिले. स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य असलेल्या दिनकरांनी घरातल्या व्यवहाराचा मोठा भार उचलला. इथे सावली एकाच अंगावर पडली नाही; ती फिरती राहिली.

या दोन पिढ्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. घर, यश आणि ध्येय यांचा तोल एकट्या माणसाच्या दिनक्रमात शोधला तर तो सापडत नाही. पहाटे उठून, वेळापत्रक आखून, झोप कमी करून तो साधल्यासारखा वाटतो, इतकेच. खरा तोल घरातल्या सगळ्यांच्या दिवसांची बेरीज करूनच कळतो. एकाला मोकळा वेळ मिळाला तर तो कुणाच्या दिवसातून आला, एकाने त्याग केला तर त्यातला किती स्वतःचा आणि किती दुसऱ्याचा, हे विचारावे लागते. कर्व्यांचे काम यामुळे लहान होत नाही. हजारो स्त्रियांना त्या कामाने अक्षर आणि पायाखाली जमीन दिली. मात्र ते काम दोघांचे होते.

आजही एखादे मोठे काम अंगावर घेणाऱ्याने घरच्यांना आधी विचारावे. विमा आश्रमाला द्यायचा असेल तर देण्याआधी बायांशी बोलावे. त्या कदाचित हो म्हणतील, कदाचित नाही म्हणतील. पण मग जो काही त्याग होईल तो दोघांच्या सहीचा असेल.