गुंता

काही शब्द पाहुण्यासारखे येतात, चहा घेतात आणि निघून जातात. काही मात्र घरातच मुक्काम ठोकतात. 'एन्टँगल' हे इंग्रजी क्रियापद माझ्याकडे असेच मुक्कामाला आले. सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि सांगितले, "उद्या याची दोन वाक्ये करून आणा. एक वाच्यार्थाचे, एक लक्ष्यार्थाचे."

वाच्यार्थाचे वाक्य करायला वेळ लागला नाही. 'द काइट गॉट एन्टँगल्ड इन द ट्री.' पतंग झाडात अडकला, संपले! पण लिहिताना एक गंमत ध्यानात आली. हे क्रियापद ज्यांना लागते त्या साऱ्या वस्तू लांब आणि लवचिक असतात. दोरी, केस, वेल, सूत, जाळे. दगडावर दगड पडेल, फुटेल. पण दगडात दगड गुंतणार नाही. गुंतायला वाकता यावे लागते.

आपल्या मराठीत तर या कामाला शब्दांची रांगच उभी आहे. सदरा खिळ्याला अडकतो, गाडीचे चाक चिखलात फसते, पाय पदरात गुरफटतो आणि दोरा गुंततो. इंग्रजीतले 'एन्टँगल' बहुधा तक्रारीच्या सुरात येते. माणूस कर्जात सापडला, खोटे बोलण्यात सापडला, कोर्टकचेरीत सापडला की ते हजर! आपले 'गुंतणे' मात्र तितके कडू नाही. आई कामात गुंतलेली असते, आजीचा जीव नातवंडांत गुंतलेला असतो. फार काय, व्यवहारी माणसाने बँकेत ठेवलेल्या पैशालाही आपण 'गुंतवणूक' म्हणतो. त्यासाठी इंग्रजाने घेतलेल्या 'इन्व्हेस्ट' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये वस्त्र नेसवण्यात आहे. त्याने पैशाला कपडे घातले, आपण त्याला गुंतवून ठेवले. ज्याची त्याची रीत!

लक्ष्यार्थाचे वाक्य मात्र शोधावे लागले नाही. ते आमच्या घरातच होते. 'माय फादर इज एन्टँगल्ड इन अ लॉसूट विथ हिज ब्रदर.' आमच्या शेताच्या बांधाचा दावा गेली नऊ वर्षे चालू आहे. वाद किती जागेचा? बैलजोडी वळेल इतक्याही नाही. तारखेच्या दिवशी दादा पहाटे उठून कागदांची पिशवी काढतात आणि आई न बोलता भाकरी बांधून देते. पलीकडच्या घरातही त्याच वेळी दिवा लागलेला असतो. चुलत्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. गावाहून आम्ही एकाच एस.टी.ने बार्शीला येतो. ती पुढच्या बाकावर, मी मागच्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी वाक्य वाचायला सांगितले. मी वाचले. वर्गात आमचे घरगुती प्रकरण कुणाला ठाऊक असणार! सरांनी केवळ व्याकरण पाहिले. म्हणाले, "'इन' कशात गुंतला ते सांगते आणि 'विथ' कोणाबरोबर ते सांगते. आता हे वाक्य उलटे करून पाहा." रामाने रावणाला मारले, हे उलटे केले तर रामायणच बदलेल. माझे वाक्य उलटे केले तरी खरेच राहिले. वडील चुलत्यांशी गुंतले असतील, तर चुलतेही वडिलांशी तितकेच गुंतलेले! नऊ वर्षे आमच्या घरात याचा उच्चार कधी झाला नव्हता. त्यांच्याही घरात झाला नसावा.

पुढे वाचनात आले की पदार्थविज्ञानानेही हाच शब्द उचलला आहे. एर्विन श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने १९३५ साली 'एन्टँगलमेंट' हे नाव वापरले, ते एकदा परस्परांच्या संबंधात आलेल्या आणि नंतर कितीही दूर गेल्या तरी ज्यांचे वेगवेगळे वर्णन पुरे पडत नाही अशा कणांच्या जोडीसाठी. त्यावरच्या प्रयोगांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एस.टी.तल्या दोन बाकांमधले अंतर त्या मानाने काहीच नाही.

त्या संध्याकाळी गाडीत चुलतबहीण मागे वळली आणि म्हणाली, "तुझं वाक्य माझ्या वहीत लिहिलं तरी चालंल की गं. काही बदलायला नको." कळत्या वयात ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. त्यानंतर आम्ही एका बाकावर बसतो. गावचा फाटा जवळ आला की एक जण उठून पुढे जाते. घरी अजून ठाऊक नाही.

आमच्या बार्शीच्या भगवंताशी जोडलेली अंबरीषाची कथा सर्वांना माहीत आहे. द्वादशी सरत आलेली, पारणे तर सोडायला हवे. पण पाहुणे आलेले दुर्वास स्नानाहून परतलेले नाहीत. राजाने नुसते पाणी घेतले, ऋषी कोपले आणि मग सुदर्शन त्यांच्याच मागे लागले. ते देवाकडे धावले, तर देव म्हणाला, मी भक्ताच्या स्वाधीन आहे, तू त्याच्याकडेच जा. अखेर अंबरीषानेच प्रार्थना केली आणि चक्र शांत झाले. मला त्यात एवढेच दिसते की गुंता तिसऱ्याकडून सुटला नाही. ज्याच्याशी तो झाला होता त्याच्याच दाराशी जावे लागले.

इंग्रजीत गुंता काढायचा तर त्याच क्रियापदाच्या पुढे एक उपसर्ग लावावा लागतो. आपल्याकडे त्याला स्वतंत्र शब्द आहे, सोडवणे. गाठ सोडवतात, गणित सोडवतात, भांडणही सोडवतात. आमचे आबा गिरणीत सुतावर कामाला होते. ते सांगत, तुटलेला धागा जोडता येतो, गुंतलेला ओढू नये. त्याचे टोक शोधावे. दादांची पुढची तारीख लागली आहे. टोक कदाचित त्या कागदांच्या पिशवीत नसेल. ते एस.टी.च्या बाकावर आम्हा दोघींना सापडले आहे, असे मला वाटते. ते घरापर्यंत कसे न्यायचे, हे मात्र अजून ठरायचे आहे.