छाटणीचा अर्थ

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. पुढे घड दाटले, तर मणी नीट फुगत नाहीत. म्हणून चांगले घडही कमी करावे लागतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात फळ देणाऱ्या फाट्याचीही छाटणी सांगितली आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘शुद्ध करणे’ असाही आहे. वर्गात हा अर्थ मी अनेकदा उलगडला. स्वतःला मात्र लावून पाहिला नव्हता. व्याख्याने, समित्या, परीक्षणे यांत वाईट काहीच नव्हते. पण आजारी आईजवळ बसायला वेळ उरला नव्हता. पूर्वी प्रार्थनेत मी अधिक बळ मागत असे. आता काय सोडावे, हे विचारतो. आपणही नोकरी, संसार आणि अभ्यास एकत्र सांभाळता. आपल्या वेलीवर घड किती ठेवायचे, हे एकदा शांतपणे ठरवावे.